हाताचा वाटा

सुम्या,

आज दुकान उघडलं. तुझा जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि आई मला म्हणाली, "जा आता तू. घरात बसून भिंतीकडं बघत राहशील तर येडी व्हशील." म्हणून आले. बोर्लीच्या बाजारातलं तेच आपलं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, तेच अर्ध्यावर अडकणारं शटर. तू त्याला खालून एक लाथ घालायचास आणि ते मुकाट वर जायचं. मला काही जमलं नाही. शेजारच्या टेलरला बोलावलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक मुलगी, आईला सोबत घेऊन आलेली. नोकरीचा फॉर्म भरायचा होता. मी सवयीने विचारत गेले, टाइप करत गेले. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शिक्षण. मग पत्त्याचा रकाना आला आणि माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. ती म्हणाली, "मॅडम, सर्व्हर डाउन आहे का?" मी म्हटलं, "हो गं, डाउन आहे." मागे गेले, तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसले. फॉर्म भरला तिचा. पत्ताही भरला.

मेल्या, असं म्हणायला तोंड उघडते आणि तो शब्द घशातच राहतो. लहानपणापासून तुला दुसरी हाक कुठे मारली मी? मेल्या, जेवायला ये. मेल्या, फोन का उचलत नाहीस. आता तुला काय म्हणून हाक मारू ते तूच सांग.

येणारा-जाणारा विचारतो, कसं झालं? मी एवढंच सांगते की न्हावा शेव्याच्या बाजूला एक खाजगी कंटेनर यार्ड आहे, तिथे काम करताना गेला. पण तिथल्या कागदावर तसं लिहिलेलं नाही. लाकडी फळ्यांनी भरलेला कंटेनर होता. बोटीवर हेलकावे खाऊन आतला माल दारावर येऊन टेकलेला. दार उघडलं आणि सगळ्या फळ्या तुझ्या अंगावर आल्या. यार्डातल्या साहेबाने पोलिसांना सांगितलं, हा आमचा माणूस नाही, आमच्या रजिस्टरला याचं नाव नाही. मग पंचनाम्यात आलं, "यार्डात विनापरवाना शिरलेला इसम".

शिरलेला म्हणे! चोर शिरतो. भटकं कुत्रं शिरतं. चुलीमागे साप शिरतो. तू आयटीआय पास झालेला इलेक्ट्रिशियन, आणि तू शिरलास. आईचा सगळा जीव आता त्या एका शब्दात अडकलाय. तू गेलास हे ती आज ना उद्या गिळेल, बायका गिळतात. पण तुला चोर करून घरी पाठवलं हे तिच्या घशाखाली उतरत नाही. कोणी सांत्वनाला आलं की ती आधी तेच सांगते, "माजा पोर चोर न्हवता हो." कोणी म्हटलेलं नसतं, तरी सांगते.

आणि रजिस्टरला तुझं नाव का नव्हतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? अख्ख्या पंचक्रोशीच्या नोकऱ्यांचे अर्ज तुझी बहीण भरते, आणि तू कुठेही अर्ज म्हणून करायचा नाहीस. दीडशहाणा. लोक मला विचारायचे, भावाचं काय चाललंय, कुठे अर्ज केलाय? मी काय सांगणार, कपाळ? भाऊ अर्ज करत नाही, भाऊ सरळ जाऊन कामाला लागतो!

सुरुवातीला असा नव्हतास तू. आयटीआय झाल्यावर मी तुझे किती फॉर्म भरले. बोलावणं यायचंच नाही. एकदा एका कारखान्यातून आलं. तू माझ्या हातची इस्त्री केलेला शर्ट घालून गेलास.  परत आल्यावर जेवताना बोललास. तिथल्या माणसाने फॉर्म हातात धरून विचारलं होतं, "हे गावात नेमकं कुठे येतं?" त्याच्या हातातल्या कागदावरच तर लिहिलेलं होतं. मुक्काम बौद्धवाडी. आपल्याकडचा पत्ताच असा की घर नंबर नसला तरी चालतं, पण आळी, मोहल्ला, वाडी लागते, आणि ती सांगितली की सगळं सांगून झालं. त्याला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग त्याने तुझ्या शिक्षणाचं काहीसुद्धा विचारलं नाही.

तू भात कालवत म्हणालास, "ताई, तू फॉर्म पाठवतेस ना, तो माझ्या आधी पोचतो. मी गाडी बदलत बदलत जाईपर्यंत माझी वाडी तिथे जाऊन खुर्चीवर बसलेली असते. मग माझ्याकडे कोण बघतो? आता मला आधी पोचू दे."

त्या दिवसापासून तू मला तुझा फॉर्म भरू दिला नाहीस.

कुरिअरवाल्याचं आठवतं? ते आठवलं की आजसुद्धा हसू येतं, आणि हसले की आई आतून दचकून बघते. त्याच्या ऑफिसात कोपऱ्यात पार्सलांचा ढीग पडलेला. माणूस सापडत नाही म्हणून पडलेली पार्सलं. कसा सापडेल? आपल्या इकडे गावाच्या नावाला कर लावलं की झालं आडनाव. तेच आडनाव मोहल्ल्यात, तेच आळीत, तेच वाडीत. तो जेवायला घरी गेला आणि तू पोतं भरून पार्सलं सायकलला बांधलीस आणि निघालास! तो आला, बघतो तर कोपरा साफ. बाजारभर बोंब, चोरी झाली, चोरी झाली. पोलिसांना फोन लावणार एवढ्यात तू रिकामं पोतं खांद्यावर टाकून हजर. सगळी पार्सलं घरोघर देऊन आलेला, वर प्रत्येकाची सही. मोहल्ल्यातल्या एका म्हातारीचं दुबईहून आलेलं पार्सल तर इतके दिवस पडून होतं की तिने तुझ्या हातात खजूरच कोंबले. तू कुरिअरवाल्यापुढे ते खजूर धरलेस आणि म्हणालास, "चोर सह्या घेऊन येतो का हो? उद्यापासून येऊ?"

ठेवून घेतलं त्याने. लोकांनी कौतुक केलं. मीही मनात केलं, तोंडावर नाही. मग त्याचा भाचा मुंबईहून कंटाळून गावी आला आणि तुझी पिशवी त्याच्या खांद्यावर गेली. मी तणतणले, जाऊन भांड! तू म्हणालास, कशावर भांडू? खरंच होतं. नेमणुकीची चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. मी म्हटलं, बघितलंस? कागद नसला की माणूस असून नसल्यासारखा. तू खांदे उडवलेस. म्हणालास, "भाचा पार्सलं परत कोपऱ्यात टाकेल बघ." टाकलीच त्याने. पण त्यात तुझं काय भलं झालं?

मग समुद्राकडच्या त्या होमस्टेचा पंप. पाहुणे साबण लावून खोळंबलेले आणि नळाला पाणी नाही. तू रस्त्याने चाललेला, आत गेलास, पंप उघडलास, चालू केलास, आणि हात पुसत विचारलंस, "उद्यापासून येऊ?" तिथे बरा रमलास तू. मालक तुझ्याशिवाय बल्ब बदलायचा नाही. मग त्याच्या आईला कोणीतरी सांगितलं, आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी तू जायचं नाही असं ठरलं. मालकाला वाईट वाटलं म्हणे. त्याला वाईट वाटलं याचंच तुला कौतुक! मी म्हटलं, "वाडी उशिरा पोचली, पण पोचली ना?"  दुसऱ्या दिवसापासून तू गेलाच नाहीस.

हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून, तेही मला माहीत आहे. आपल्या किनाऱ्यावरून आलं. होडी लागली की ती वाळूवर ओढून घ्यायला माणसं लागतात, आणि जो कोणी दोराला हात लावील त्याला मासळीतला वाटा मिळतो. मूठभर मांदेली असो, चार बोंबील असोत, पण मिळतो. नाव कोणी विचारत नाही. हाताचा वाटा. आपण दोघं शाळेतून परस्पर जायचो. मी ओरडा बसेल म्हणून लांब उभी, आणि तू मोठ्या बाप्यांच्या मध्ये घुसून दोर ओढायचास, पाय वाळूत रुतलेले, तोंड लालभडक. मग होडीचा मालक लक्ष्मण नाखवा तुझ्या पुढ्यात मासळी टाकायचा आणि तू ती शर्टाच्या ओच्यात घेऊन घरी यायचास. आई आधी शर्टासाठी दोन धपाटे घालायची आणि मग कालवण करायची.

मोठा झाल्यावरही तेच. "आजोबांना काय सांगितलं लोकांनी? हात लावू नको. विहिरीला लावू नको, भांड्याला लावू नको. आणि इथे बघ ताई, हात लावला तर वाटा! याच्यापेक्षा मोठा कायदा दाखव." मी म्हणायचे, तो कायदा भरतीच्या रेषेपर्यंत. नाखव्याच्या ओट्यावर आपल्याला चहा कशात मिळायचा, विसरलास? बाहेरच्या खुंटीला वेगळा टांगलेला कप. तू हसायचास. "मी ओट्यावर जातच नाही ना. मी वाळूवर राहतो."

काय बोलणार तुझ्यापुढे? आणि मला बोलायला तोंड तरी कुठे होतं? हे दुकानसुद्धा तुझ्याच पद्धतीने मिळालेलं. मी घरात अर्जांवर अर्ज भरत बसले होते, कोणी विचारत नव्हतं. तू एक दिवस मला म्हसळ्याला नेलंस, तहसील कचेरीच्या बाहेर स्टूल मांडलंस, कोणाचा तरी लॅपटॉप आणलेलास, आणि मोठ्याने ओरडायला लागलास, "फॉर्म भरून देणार, फुकट भरून देणार!" लाजेने मेले होते मी. पण संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे रांग. त्या रांगेतल्या एकाने बोर्लीतला हा गाळा दाखवला. पाटी लावायला तूच शिडीवर चढलास. मी खालून शिडी धरून तुला शिव्या देत होते, पाटी वाकडी लागते म्हणून. अजून वाकडीच आहे. कोणी सरळ करतो म्हणालं तर मी करू देणार नाही.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. कोणी मुलगा अर्ज करून करून थकला की मी त्याला तुझी कुरिअरची गोष्ट सांगायचे. वर म्हणायचे, माझा भाऊ आहे तो. तुझ्यासमोर मात्र तोंडाचा पट्टा. कौतुक केलं तर शेफारशील असं वाटायचं.

न्हावा शेव्याला तुला सलीमने नेलं. मोहल्ल्यातला सलीम, तुझ्याच वर्गातला, तिकडे ट्रेलर चालवतो. वाडीतले काही जण त्याला बोल लावतात, मी लावत नाही. तू त्याच्या गाडीतून आत गेलास, आणि तिथे मासळीचे, फळांचे ते थंड कंटेनर असतात, त्यांना चोवीस तास वीज लागते. एका रांगेतले प्लग जळालेले, माल खराब व्हायला आलेला, त्यांचा माणूस रजेवर. तू बसलास दुरुस्तीला. साहेब म्हणाला, छान, ये उद्या. तू दुसऱ्या दिवशी गेलास, तिसऱ्या दिवशी गेलास. "करत राहा, पुढच्या महिन्यात नावावर घेऊ." महिना काय, दर महिन्याला पुढचा असतोच. वरखर्चाला हातावर काहीतरी टेकवायचे. एक हेल्मेट दिलं, त्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव खोडलेलं. तू ते घालून आईला फोटो पाठवलास, "आई, टोपी मिळाली!" आईने तो फोटो अख्ख्या वाडीला दाखवला. कंपनीने टोपी दिली माझ्या सुमेधला. त्या दिवशी तिने शेजारी साखर वाटली.

मला त्या साहेबाच्या गोडव्याचा वासच येत होता. फोनवर भांडले तुझ्याशी. "निदान गेटपास मागून घे. तुझ्या नावाचा एक चिटोरा तरी माग." तू म्हणालास, "मागितलं की पत्ता विचारतील, ताई. अजून थोडे दिवस जाऊ देत. त्यांना माझी सवय होऊ दे." मी म्हटलं, "सवय मांजराची होते, मेल्या. माणसाची नोंद होते." मग तू चिडलास. कधी नव्हे ते चिडलास. "तू रोज एवढ्या लोकांचे फॉर्म भरतेस ना? किती जणांना बोलावणं आलं? खरं सांग."

मी फोन ठेवून दिला. उत्तर नव्हतं म्हणून ठेवला. आज देते. फार थोड्यांना आलं, सुम्या. आपल्या वाडीतल्यांना त्याहून थोड्यांना. तुझं खरं होतं. आणि माझंही खरं होतं. दोघांचं खरं असून तू गेलास, याचं मी काय करू? भांडणात मी जिंकले, तेही असं, की आता हे जिंकणं कुठल्या खड्ड्यात पुरू?

शेवटच्या रविवारी आलास तेव्हा त्या भांडणाचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. तू किनाऱ्यावर गेलास, नाखव्याची होडी ओढलीस, आणि एसटी सुटेल म्हणून वाटा न घेताच पळालास. मी दारात होते. तू लांबूनच हात केलास, आणि मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." एवढंच.

फोन सलीमचा आला.

त्यानेच तुला घरी आणलं. अंगणात उभा राहून रडला, आईच्या पायाशी बसला. म्हणाला, "चाची, खुदा कसम, मी तिथेच होतो गाडीत. त्याचं कामच नव्हतं ते. तो त्याच्या प्लगपाशी बसलेला. दाराची कडी अडकली म्हणून तिकडून कोणीतरी हाक मारली, ए भाई, जरा हात लाव. आणि हा उठून धावला."

जरा हात लाव! तुला दुसरं काही म्हणून बोलावलं असतं तर तू कदाचित विचार केला असतास, आपलं काम कोणतं, आपण का जायचं. पण हात लाव म्हटल्यावर तू थांबणार होतास थोडाच? तू उठलास तो आपल्या वाळूवरूनच उठलास. तुला वाटलं, तिथेही तोच कायदा असेल. अरे, तिथल्या वाळूवर सिमेंट ओतलेलं आहे, सुम्या. तिथे हात कोणाचाही चालतो, वाटा मात्र पास बघून देतात.

तुला माती दिल्यावर आई हट्टालाच पेटली. मला त्या गेटावर ने. मी, आई आणि सलीम गेलो. गेटावरचा म्हणाला, पास? आई म्हणाली, "मी त्याची आय हाय." तो म्हणाला, "मावशी, पास लागतो." उन्हात उभं ठेवलं तिला, पांढऱ्या साडीत. आतून ट्रेलर येत होते, जात होते. शेवटी एक जण बाहेर आला, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. बोलायला गोड. "मावशी, वाईट झालं. पण तो आमच्याकडे नव्हताच. रजिस्टर बघा हवं तर. कसा आत शिरला, आम्हालाच कळत नाही."

 आईने मला फोनमध्ये तुझा तो फोटो काढायला लावला, फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या नाकापुढे धरला. "ही टोपी तुमची न्हाय? चोराला टोपी देतात काय तुमच्याकडं? आँ? घरात चोर शिरला की त्याच्या डोक्याला लागल म्हनून टोपी घालतात काय?"

तो हातातल्या फोनांकडे बघू लागला. गेटावरचाही खाली बघायला लागला. आई हात जोडून म्हणाली, "मला तुमचं काय नको, साहेब. माजा पोर कामावर व्हता, एवढं लिवा. शिरला ह्यो शबूद काढा. बास."

आणि त्याने काय म्हणावं? "अर्ज द्या, बघू."

ऐकलंस का सुम्या? अर्ज द्या म्हणाला! मला तिथे रस्त्यावर हसू फुटलं. सलीमला वाटलं माझं डोकं फिरलं. मी हसत हसत रडायला लागले, आणि आई मलाच समजावत होती.

तुझ्या जलदान विधीला वाडी भरून आली होती. त्रिशरण पंचशील झालं, बौद्धाचार्य तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. शिकलेला, कष्टाळू तरुण होता म्हणाले. खरंच बोलले, पण मला वाटत होतं, कोणीतरी उठून कुरिअरची गोष्ट सांगावी. संध्याकाळी माणसं पांगल्यावर अंगणात कोणीतरी येऊन उभं राहिलं. लक्ष्मण नाखवा. इतक्या वर्षांत आपल्या वाडीत पाऊल न टाकलेला म्हातारा, हातात कागदाची पुडी. मला म्हणाला, "पोरी, त्याचा वाटा ऱ्हायलेला. त्या रविवारी दोराला हात लावलान आन तसाच पलाला. ताजा कवर ठेवनार? म्हनून आमच्या बायकोनं सुकवून ठेवलान."

पुडीत सुकी मांदेली होती. मूठभरच. आईने ती ओंजळीत घेतली आणि खालीच बसली. तू गेल्यापासून ती असं मोकळं रडली नव्हती.

मी आत गेले, चहा टाकला. मुद्दाम आपल्या घरातल्या रोजच्या कपात आणला आणि समोर उभी राहिले, बघत. वाईट आहे मी, तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्याने कप घेतला.  प्यायला. सगळा प्यायला. म्हणून खुंटीवरचा तो कप मी विसरले असं समजू नकोस. पण सांगायला हवं म्हणून तुला सांगितलं.

जाताना त्याने आईला विचारलं, "तो यार्डवाला काय बोलतो?" आईने सांगितलं, वळखत न्हाय म्हनतो. म्हातारा उंबऱ्यापाशीच थांबला. "वळखत न्हाय? वळखायचं काय त्यात? आमी तरी कुनाला नाव इचारतो? हात लावला ना पोरानं? मंग सपलं. मी येतो तुमच्यासंगती. मी सांगन त्याला." सलीम तिथेच होता. तो म्हणाला, "मी पण बयान देतो, चाची. गाडी जाईल हातची, जाऊ दे. रिझिक-रोटी देणारा वर बसलाय." मग शेजारची माणसं बाहेर आली. एकाने टेम्पोवाल्याला फोन लावला. मला कोणी काही विचारलंच नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं, कारण अर्ज लिहिणारी घरात मीच.

तेव्हा आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं त्या वेळात बसले आणि लिहिला. तुझ्यासाठी इतक्या वर्षांनी लिहिलेला अर्ज. या वेळी तू आडवा आला नाहीस, मेल्या. बघ, आला शब्द तोंडात.

विषय लिहिला, कामावर असताना झालेल्या मृत्यूची नोंद करण्याबाबत. तुझं पूर्ण नाव लिहिलं. शिक्षण लिहिलं, काम लिहिलं, इलेक्ट्रिशियन. मग पत्त्याचा रकाना आला. सकाळसारखी थांबले नाही. मुक्काम बौद्धवाडी, अगदी ठळक अक्षरात. प्रिंट काढली. पण पोस्टाने पाठवायची नाही आणि ऑनलाइनही नाही. माझा अर्ज, पण न्यायचा तुझ्या रीतीने. आधी पोलीस चौकीत, मग त्या गेटावर, न सांगता, न विचारता, पास नसताना जाऊन उभं राहायचं. शब्द काढेपर्यंत हलायचं नाही. आई मघाशी येऊन गेली. तिने ती पांढरी साडी धुऊन वाळत घातली आहे, आणि टेम्पोत बायकांना बसायला सतरंज्या पुरतील का म्हणून विचारत होती.

ते काढतील की नाही, मला माहीत नाही. तुला खोटं सांगणार नाही. त्यांच्याकडे रजिस्टर आहे, वकील आहेत, आणि आमच्याकडे दुसऱ्याचं नाव खोडलेल्या टोपीचा एक फोटो.

पण तू म्हणायचास ना, ताई, माझ्या आधी माझी वाडी पोचते? उद्या सकाळी पोचते आहे, सुम्या. सगळी.